जावयाच्या तोंडातली गर्दी

"घाबरवल्याशिवाय माणूस दात घासत नाही, बाबा! आज बघाच तुम्ही माझी करामत!"

जावई छाती फुगवून सासऱ्यांना सांगत होता. दोघेही दातांचे डॉक्टर, पण दवाखाना सासऱ्यांचा. त्यांनी अट घातली होती, "आज दिवसभर बाहेरचा बाक रिकामा पडू दिला नाहीस, तर उद्यापासून ही खुर्ची तुझी." एवढं बोलून ते आतल्या खोलीत पेपर वाचायला गेले.

जावयाने सूक्ष्मदर्शक थेट बाहेरच्या टीव्हीला जोडला. बाकावर गाल धरून बसलेला प्लंबर, एक मावशी, एक मास्तर आणि आणखी दोघंतिघं. प्लंबरच्या दाढेमागचा जरासा मळ काढून त्याने काचेवर लावला.

"आता बघा, कशी झुंबड दिसते!"

पडद्यावर जेमतेम तीन-चार ठिपके. तेही जेवून आडवे झाल्यासारखे सुस्त.

"हात्तिच्या! एवढंच?" मावशी म्हणाल्या.

जावयाला ते झोंबलं. "थांबा! आता माझ्या तोंडातलं दाखवतो. एक जंतू दिसला तर नाव बदलीन!"

अहो, कुणी सांगितला होता नसता उपद्व्याप? पण ऐकतो कोण!

पडद्यावर ही गर्दी! गोल, लांबुळके, एकमेकांना धरून चाललेले, स्क्रूसारखे गरगरणारे! एक लांबडा तर सगळ्यांना ढकलत पुढे निघाला होता.

"अगं बाई! डॉक्टर, हे सगळे तुमचेच?"

जावयाला दरदरून घाम फुटला. "अहो, हे... हे चांगले असतात! तोंडात शेकडो जातींचे जंतू सुखाने नांदतात. जितके प्रकार जास्त, तितकी तब्येत उत्तम!"

"मग ते खरवडून काढायचे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

झालं! "बरं झालं बाई, वेळेवर सांगितलंत," म्हणत मावशींनी पिशवी उचलली. मास्तर तर हात मिळवून, आभार मानून गेले. बाकीचेही त्यांच्या पाठोपाठ.

"अहो, बसा ना! तसं नव्हतं म्हणायचं मला!" जावई काकुळतीला येऊन दारापर्यंत धावला. कोण थांबतंय!

गलका ऐकून सासरे बाहेर आले. बाकावर एकटा प्लंबर उरला होता. त्याला पाहून जावयाच्या जिवात जीव आला.

"बाबा, बाक अजून रिकामा नाही हं!"

"दाढ ठणकतेय म्हणून बसलोय, हौस नाही मला," प्लंबर कण्हत म्हणाला. "पण एक सांगा, या डॉक्टरांचे स्वतःचे दात कोण बघतं?"

जावयाने मान खाली घातली. "बाबाच."

प्लंबरने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि गाल धरून उठला.

"मग ठणकू दे!"