मुक्या पडद्याची आणि जिवाजीपंतांच्या खऱ्या बोलाची हकीकत

श्रीगणरायास वंदन, आणि अक्षरे जिच्या कृपेने उमटतात व जिच्या लहरीने उमटत नाहीत त्या शारदेस दोनदा वंदन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया, ते दिवशी दौलतीत जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले असे.

महाराजांनी डोंगरावर नवा तलाव बांधविला आणि अक्षय्य तृतीयेस दोन प्रहरी नगराच्या नळांस पाणी सोडू ऐसा शब्द रयतेस दिला. तलावाचे दरवाजे डोंगरावरील एका थोर यंत्राच्या ताब्यात, म्हणून राजवाड्यातील संगणकावर टर्मिनल नामे काळी खिडकी उघडावी आणि तीत आज्ञा लिहून यंत्राशी बोलणे करावे, ऐसा रिवाज. हे काम त्या दिवशी प्रथमच दफ्तरदार जिवाजीपंत वळसंगकर यांजकडे आले. पंत लिहिण्यात वस्ताद, परंतु पूर्वी वीज जाऊन त्यांचे कित्येक खलिते बुडाले होते, तेव्हापासून ओळ लिहिली की कंट्रोल आणि एस या कळा जोडीने दाबून मजकूर जतन करावा ऐसी बोटांस सवय जडली, ती इतकी की जेवताना ताटाच्या काठावरही बोटे तीच खूण करीत. मग मुहूर्त आला आणि पंतांनी दरवाजे उघडण्याची आज्ञा लिहिली, आणि सवयीने कंट्रोल-एस दाबली, आणि मग एंटर दाबली, आणि पडदा जो मुका जाहाला तो हूं की चूं करीना.

दिवाण हैबतराव गर्जले, "पंत, आज पाणी सुटले नाही तर तुमची नेमणूक मांजरगडी. तेथे वीज नाही, पंखा नाही, आणि माणूस म्हणावे तर किल्लेदार तेवढा, तोही बहिरा!" पंतांच्या तोंडचे पाणी पळाले. मग दिवाणजी बोलिले की कळा जोराने दाबा, आणि पंतांनी दाबल्या. मग बोलिले की कळफलक उपडा करून झाडा, आणि झाडला तो त्यातून गेल्या दिवाळीचा चिवडा निघाला, अक्षर निघाले नाही. मग महाराज स्वतः उठले आणि पंतांच्या खांद्यावर ओणवून पाहू लागले आणि आज्ञा केली, "लिहीत राहा, पंत. काहीही लिहा. कधी ना कधी उमटेल." पंत मुखाने "आज्ञा, महाराज" म्हणत आणि बोटांनी मनात येईल ते लिहीत, ओळीमागून ओळ, कारण जे दिसत नाही ते लिहिलेच नाही ऐसा त्यांचा समज. बाहेर नळांपाशी बाया हंडे घेऊन उन्हात तिष्ठत होत्या. त्यांचा कालवा वाड्यात ऐकू येई आणि पंतांस भडभडून येई.

अखेर पंतांनी हाय खाल्ली. "महाराज, खिडकी मिटतो आणि मांजरगडी जातो," ऐसे बोलून, लिहिण्याच्या खिडक्या ज्या कळांनी मिटतात त्या कंट्रोल आणि क्यू दाबल्या. आता गंमत पाहावी, की टर्मिनलच्या राज्यात कंट्रोल-एस म्हणजे जतन नव्हे, "थांब" ऐसा हुकूम, आणि कंट्रोल-क्यू म्हणजे मिटणे नव्हे, "चाल" ऐसा हुकूम. म्हणजे पंतांनीच यंत्राचे हात-तोंड बांधले आणि पंतांनीच सोडिले, आणि दोन्ही वेळा त्यांस पत्ता नाही. पडदा धडाधड वाहू लागला. "दरवाजे उघडले," ऐसे प्रथम उमटले आणि बाहेर बायांचा एकच जल्लोष उठला आणि महाराजांनी हर्षाने पंतांची पाठ थोपटली. परंतु यंत्राने मधले काहीच सांडिले नव्हते. खाली उमटले, "दिवाणजींस कळफलक आणि लाटणे यांतील भेद ठाऊक नाही." त्याखाली यंत्राचे उत्तर, "ही आज्ञा ठाऊक नाही." मग उमटले, "महाराजांची मिशी कानात शिरते, गुदगुल्या होतात, दूर व्हा ऐसे कोण सांगणार." उत्तर, "ही आज्ञा ठाऊक नाही." आणि शेवटी, "यंत्रा, मला खुशाल मांजरगडी धाड, पण बाया उन्हात उभ्या आहेत रे, पाणी सोड." उत्तर तेच.

हैबतराव लाल जाहाले आणि बोलिले, "महाराज, ही बेअदबी!" पंत डोळे मिटून उभे. महाराजांनी शेवटची ओळ पुन्हा वाचिली, आणि बाहेर हंडे भरण्याचा आवाज ऐकिला, आणि त्यांस इतके हसू लोटले की पागोटे सावरावे लागले. मग बोलिले, "दिवाणजी, यंत्र काय म्हणते ते वाचा. जे यंत्रास ठाऊक नाही ते आम्हांसही ठाऊक नाही." आणि ऐसे बोलून पंतांच्या कानापासून दोन पावले मागे सरले.

तात्पर्य, पाणी सुटले, पंत राहिले, मांजरगडचा किल्लेदार आजही एकटाच आहे, आणि पंत टर्मिनलपुढे बसले की हैबतराव त्यांचा कंट्रोल-एस दाबणारा डावा हात स्वतः धरून ठेवितात. हकीकत येथे पुरी जाहाली.