मुसेंबीने फुगवलेला फुगा

ईस्टरच्या सुट्टीत नैरोबीचं अख्खं ऑफिस सांभाळायला एकटा मुसेंबी पुरे, असं मुसेंबीनेच छाती ठोकून सांगितलं होतं. गावी त्याची वाट बघणारं डिसेंबरपासून कुणी उरलं नव्हतं, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

तिथल्या एका दांडग्या सर्व्हरवर चौदा पाहुणी यंत्रं नांदत. म्हणजे खरी नव्हेत, नुसती प्रोग्रामनं उभी केलेली संगणकं. प्रत्येकाला कबूल केलेली मेमरी मिळून सर्व्हरकडे होती त्याच्या दीडपट भरे. म्हणून एखादा पाहुणा सुस्त दिसला की त्याच्या आत एक ‘फुगा’ फुगवायचा. फुगा जागा अडवतो, आणि तेवढी मेमरी काढून गरजवंताला देता येते. हे सगळं आपोआप करणारा प्रोग्राम मुसेंबीने लिहिला होता. शुक्रवारी सकाळी तो चालू करून स्वारी सर्व्हरच्या खोलीत ऐटीत बसली.

प्रोग्रामला एक पाहुणा भलताच आळशी सापडला. हूं नाही की चूं नाही. फुग्याने त्याला पार भिंतीशी चेपला. जीव वाचवायला त्याने आपलंच एक काम बंद केलं, आणि ते नेमकं दारांच्या कुलपांचं निघालं! सुट्टीत दारं उघडायला कुणी नव्हतंच, म्हणून तो बिचारा गप्प होता.

मुसेंबी चहाला उठला तर दार उघडेना. आतली मूठ कधीचीच तुटलेली. फुगा सोडला, तरी कुलपांचं काम पुन्हा सुरू करायचा पासवर्ड त्याच्या वरिष्ठ नेकेसा मॅडमकडे, आणि मॅडम माहेरी, बुंगोमाला. त्यांना निरोप धाडून त्याने पहारेकरी कोएचबाबांना फोन केला.

“बाबा, फुगा जास्त फुगला. मी आत अडकलोय.”

“सकाळीच घेतलीत का, साहेब?”

तरी म्हातारा जिने चढून आला. बाहेरूनही दार उघडेना. दाराखालून कागदावर ठेवून चपाती सरकवली, बाहेर स्टूल टाकून बसला आणि आपल्या गायीची गोष्ट सांगू लागला. ती विकली की दरवेळी घरी परत यायची. मुसेंबी मधेमधे प्रश्न विचारत राहिला. डिसेंबरपासून तो कुणाशी इतका बोलला नव्हता.

दुसऱ्या विक्रीपाशी मॅडमचा निरोप आला: सुरू केलंय, दार बघ. कुलपावरचा दिवा हिरवा झाला. मुसेंबी जागचा हलला नाही.

“मग तिसऱ्यांदा कशी आली?” त्याने विचारलं.

बाबांनी तेही सविस्तर सांगितलं.

“मॅडमचं अजून काही उत्तर नाही,” मुसेंबी म्हणाला.

“साहेब, तो दिवा माझ्या बाजूनंही दिसतो,” बाबा म्हणाले. त्यांनी स्टूल दाराजवळ ओढलं. “चौथ्यांदाचं राहिलंच की.”