बॉनेटखालची पाच अंडी

नवी बॅटरी शहरातून यायला दहा दिवस लागले, आणि तेवढ्यात अभयारण्याचा राखणदार तुर्दुकुल याच्या बंद जीपमध्ये भाडेकरू आले. त्याने बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या कोपऱ्यात गवताचं घरटं, त्यात धोबी पक्ष्याची पाच अंडी. मादी समोरच्या दगडावर शेपूट आपटत त्याला शिव्या देत होती. त्याने बॉनेट अलगद खाली टेकवलं.

पंचाईत अशी, की जीप बंद पडली होती ती नेमकी कुरणाकडे जाणाऱ्या खिंडीत. बाटलीला बूच बसावं तशी.

तासाभरात मेंढपाळ ऐनगुल या मोसमातली पहिली दोनशे मेंढरं घेऊन हजर झाली.

"बाइके," तिने थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारली, "गाडी काढा!"

"निघत नाही. आत अंडी आहेत."

ऐनगुल कमरेवर हात ठेवून हसायला लागली. गेल्या वर्षी तळ्याकाठी हंसांची घरटी होती म्हणून याच तुर्दुकुलने तिला सबंध दलदलीला वळसा घालायला लावला होता. "घ्या! आता नियम तुमच्याच बोकांडी बसला. आम्ही वरच्या कड्यावरून जायचं म्हणा की!"

"अर्ध्या दिवसाचा तर फेरा आहे," तो पुटपुटला.

मेंढरं रोज कड्यावरून जाऊ लागली. तुर्दुकुल गाढवावरून गस्त घालू लागला. गाव पोट धरून हसलं.

अंडी सापडल्याच्या बाराव्या दिवशी शहरातून खात्याचे साहेब आले, कोरी करकरीत जीप घेऊन. "जुनी आज परत न्यायची. नाहीतर ही शेजारच्या खोऱ्याला देतो." आणि त्यांनी जोरात भोंगा वाजवला.

तुर्दुकुलने तोंड उघडण्याआधी ऐनगुल काठी घेऊन आडवी आली. "भोंगा बंद! आमची पाखरं उबवायला बसलीत."

"बाई, तुमचीच मेंढरं अडलीत ना?"

"मेंढरांना पाय आहेत. अंड्यांना आहेत का?"

साहेबांनी तुर्दुकुलकडे पाहिलं. त्याने छाती पुढे काढून मान हलवली, "नाही म्हणजे नाही." कोरी जीप धूळ उडवत परत गेली.

तुर्दुकुल उडत्या धुळीकडे बघत राहिला. ऐनगुलने त्याच्या हातात काठी कोंबली.

"बघताय काय? मेंढरं हाका. मी इथं पहारा देते. तुम्हाला कुणी घाबरत नाही."

तो मेंढरं हाकत कड्याकडे निघाला. वाटेत भेटलेल्या प्रत्येक मेंढपाळाला थांबवून तो सांगत होता, "आमच्या ऐनगुलनं आज शहराची जीप परत पाठवली!"