सतरा नंबरचा संसार

"आधी माझी सही, मग तुमची. अध्यक्ष मी आहे."

"ठराव मी लिहिलाय. तुम्हाला तर ओंडका कुठे पडलाय तेही माहीत नाही."

कुठल्याही प्रगत समाजात मोठ्या शिंगवाल्याला मान असतो. आमच्या इमारतीची समिती मागच्या अंगणातला सडका ओंडका हटवायला जमली होती. बाहेर टेम्पो उभा. चिटणीस आणि अध्यक्ष, दोघांच्या सह्या झाल्या की ओंडका जाणार, आणि त्याच्यासोबत माझ्या ताईची दोन वर्षं. ताई त्यावरच्या भुंगेऱ्यांचा अभ्यास करते. आठवडाभराची मोजणी राहिलीय. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर चिकटवलाय. (शाळेत माझा एकोणचाळीस होता. भुंगेऱ्यांना निदान कुणी बाकावर उभं करत नाही.)

ताईची वही सांगते, मोठ्या शिंगाचा नर मारामारी जिंकतो, त्याला मादी मिळते, त्याचीच पोरं होतात. पण शेजारी कोण, यावर सगळं अवलंबून. आजूबाजूला सगळेच मोठ्या शिंगांचे असले, की दिवसभर एकमेकांना ढकलत बसतात. तेवढ्यात बारक्या शिंगाचा सतरा नंबर खालून सटकतो आणि संसार थाटतो. ओंडकाभर त्याचीच पोरं आहेत. (त्याला अध्यक्ष कुणी केलेलं नाही.)

मला राग लवकर येतो, शाळा त्यातच सुटली. मी शेजारी बसलेल्या ताईला म्हटलं, "मी उठून बोलू का?"

"गप बस. आधी मोज."

मोजलं. चाळीस मिनिटांत खुर्चीवरून ताडकन उठणे: अध्यक्ष अकरा, चिटणीस बारा. पोटाने ढकलणे: तीन-तीन. ओंडक्याचा उल्लेख: पहिला तेवढाच.

मग मी खुर्च्यांमागून वाकून बाहेर सटकलो. टेम्पोवाल्यांना म्हटलं, "काका, आज सह्या काही होत नाहीत."

त्यांनी आतला आवाज ऐकला. "दिसतंयच," म्हणाले आणि गेले.

हे जिन्यात बसून लिहितोय. सभेला आणखी सव्वीस जण आहेत. अर्धे अध्यक्षांकडे बघून माना डोलवतायत, अर्धे चिटणिसांकडे. ताईच्या वहीत त्यांचा वेगळा रकाना आहे: 'आजूबाजूचे. शिंगं यांच्यामुळे वाढतात.'

तुम्ही पहिल्या दोन ओळी वाचून कुणाची बाजू घेतलीत? तुमचाही नंबर टाकून ठेवतो. थांबा, नंतर. आत एकदम शांत झालंय, आणि कुणीतरी पेन मागतंय. सह्या झाल्या तर टेम्पो उद्या परत येईल. मला निघायला हवं.