दरबारचे बोट

श्री जोतीबा साक्ष. कानी आले तितके लिहिले, पदरचे घातले नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मासी राज्यात दवंडी फिरली की, ज्यास पोसणारे कोणी नाही त्यास दरबार पोसील, आणि ज्याचे हातास काम नाही त्याचे हातास दरबार काम देईल. हे ऐकोन रयतेस आनंद व्हावा, तो न होता धास्ती पडली. कारण मागे एकदा दरबाराने रयतेची विचारपूस केली तेव्हा गायरान गेले होते, आणि त्याआधी केली तेव्हा तळे गेले होते. आता न्यावयाचे काय उरले, याचा जो तो आपले घरी विचार करू लागला.

त्या राज्यात गिरजाबाई पाथरवट म्हणोन विधवा बाई होती. ती दारोदार फिरोन पाट्यावरवंट्यास टाकी लावीत असे, म्हणजे गुळगुळीत जाहलेला पाटा छिन्नीने ठोकोन पुन्हा खरबरीत करीत असे. पुढे घरोघर वाटणाची विजेची यंत्रे आली, पाटे परसात पालथे पडले आणि बाईची चूल थंडावली. मग शेजारीण मंजुळा म्हणाली, "आत्याबाई, जा की चावडीवर. देतायत तर घ्या." बाई म्हणाली, "कुणी फुकट देतो म्हटलं की मला आधी घरातली भांडी मोजावीशी वाटतात गं." तथापि भुकेपुढे संशयाचे चालेना, आणि बाई चावडीवर गेली.

तेथे साहाय्यखात्याचे कारकून केशवराव निगडे विराजमान होते, आणि पुढ्यात काचेचे यंत्र होते. त्यावर अंगठा वा बोट टेकले म्हणजे, मागे घेतलेल्या दाही बोटांच्या ठशांशी ताडोन, माणूस तोच की दुसरा, हे यंत्र सांगे. बाई म्हणाली, "मला सही येते. रात्रशाळेत शिकले." राव म्हणाले, "सही कोणीही करील. अंगठा ठेवा." "अंगठा उठवायची लाज वाटली म्हणून तर शिकले ना, बाबा!" तथापि ठेविला. यंत्राने लाल दिवा दाखविला. मग पुसोन ठेविला, तेल लावोन ठेविला, तरी लालच. पाट्यांस टाकी लाविता लाविता बाईचाच अंगठा पाट्यासारखा गुळगुळीत जाहला होता, रेघ म्हणोन उरली नव्हती. रावांस संशय आला आणि त्यांनी फर्माविले, "मावशी, यंत्र म्हणतंय तुम्ही गिरजाबाई नाही." बाई म्हणाली, "मग तिला शोधा आणि तिचं तिला द्या. भुकेली असेल बिचारी."

रांगेत हशा पिकला. मग राव नरमले आणि म्हणाले, "हाताला जरा विश्रांती द्या, रेघा परत येतात. पण दिवाळीपर्यंत जुळलं नाही तर नाव जाईल." इतक्यात पलीकडोन रोजगारखात्याचे मुकादम रावजी ओरडले, "हात धड दिसतायत बाईचे! उद्यापासून खडी फोडायला या. न आलात तर कामाची इच्छा नाही असं धरू, आणि इच्छा नाही त्याला साहाय्यही नाही." बाई म्हणाली, "हा म्हणतो हात हलवू नको, तो म्हणतो हलव. तुम्ही दोघं आधी आपसात बोलून या की." परंतु त्या दोन खात्यांमध्ये भिंत होती आणि भिंतीस दार ठेविले नव्हते.

मग बाई खडी फोडू लागली, कारण पोट तर भरणे होतेच, आणि अंगठा अधिकच गुळगुळीत जाहला. दिवाळी तोंडावर आली तशी ती टोकदार हातोडा घेवोन चावडीवर आली, डावा अंगठा पायरीवर ठेविला आणि म्हणाली, "पाटा धरेनासा झाला की आम्ही टाकी लावतो. याला लावते, मग धरील तुमचं यंत्र." हातोडा उचलला तोच राव धावत आले आणि त्यांनी हात धरिला. पाहतात तो, सारी बोटे दगडासारखी, पण करंगळी मऊ आणि रेघा शाबूत. "हिला काय झालं?" बाई म्हणाली, "व्हायचंय काय! छिन्नी धरताना ही बाजूला ठेवायची, सासूनं शिकवलं. हातोडा निसटला तर पहिली हीच जाते. हिनं जन्मात काम केलं नाही."

करंगळी काचेवर ठेविली आणि हिरवा दिवा लागला. राव आनंदोन म्हणाले, "अहो, तुम्हीच गिरजाबाई!" साहाय्य चालू जाहले. बाई मात्र हसली नाही. करंगळीकडे पाहोन म्हणाली, "राबली ती बोटं तुम्हाला खोटी, आणि बसून राहिली तिची साक्ष खरी?" आणि पदराची चिंधी फाडोन करंगळीस घट्ट बांधली.

दुसरे दिवशी खडीवर मुकादम रावजींनी पाहिले आणि म्हणाले, "चिंधी कसली? अंग चोरता होय?" बाई म्हणाली, "ते बोट माझं नाही, मुकादम. दरबारचं आहे. त्याला राबवायचा मला हुकूम नाही."

तेव्हापासोन त्या राज्यात खडीवाले, वीटवाले, धुणेवाल्या, सारे करंगळीस चिंधी बांधोन राबू लागले. ते पाहोन दरबार चमकला, हे कोणत्या बंडाचे निशाण म्हणोन हेर नेमिले, आणि हेरांच्याही करंगळीस चिंधी आढळली. सारांश, साहाय्य पोचले, संशय उभयपक्षी कायम राहिला. बोरू येथे ठेविला.