याला हात नाय

माणसाबद्दल लिहायला लेखक लागतो, आणि मी तर आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला पहिलाच. वडिलांना सही येते, आईला तीही नाही. तेव्हा मी कुणाचं चित्र काढायला बसावं हे जरा जास्तच होतंय, याची मला जाणीव आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण गोमाकाकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या आळीत दुसरं कुणी लिहिणारं नाही.

गोमाकाका आमचे चौक गावातले शेजारी. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी एक बटाटेवडा असायचा. खायला नव्हे, ताडून बघायला. त्यामुळे तो खिसा कायम तेलकट, आणि काका चालले की मागून एखादं कुत्रं ठरलेलं.

त्या काळात मुंबई-पुणे रस्त्यावर एकाच मालकाची, एकाच नावाची हॉटेलं निघाली होती. पनवेल, आमचं चौक, खोपोली आणि वर घाटात लोणावळा. सगळीकडे तीच पिवळी पाटी, त्याच लाल खुर्च्या, वेटरांच्या डोक्यावर त्याच टोप्या आणि बशीत तोच वडा. आम्ही त्याला कंपनीचं हॉटेल म्हणायचो. मोटारवाले तिथं थांबायला लागले आणि रस्त्याकडेच्या आमच्या टपऱ्यांवर माशा बसू लागल्या.

काका एसटीनं पनवेलला जात. तिथला वडा पळसाच्या पानात बांधून खोपोलीला नेत. माझं कॉलेज खोपोलीला, म्हणून पुष्कळदा मीही सोबत असे. तिथं ते दुसरा वडा मागवत, आधी त्याच्या पोटावरून अंगठा फिरवत, पाडाचा आंबा चाचपावा तसा. मग दोन्ही वडे मोडून शेजारी ठेवत. डोळे मिटून याचा एक घास, त्याचा एक घास. शेवटी मान हलवून निकाल देत, "याला हात नाय."

एकदा मॅनेजर अंगावर आला. बाहेरचं खाणं इथं चालणार नाही म्हणाला.

"भायेरचं कुठं? तुमचाच हाय," काका म्हणाले. "पनवेलची लेक खोपोलीला भनीला भेटाया आलीय."

आजूबाजूची माणसं हसली. मी मात्र मान खाली घालून चटणीत बघत बसलो.

टपरीचा वडा ते मन लावून खात. त्यांचं म्हणणं, टपरीवर माणूस वळतो, त्यामुळे त्याचा राग, आळस, घाई सगळं वड्यात उतरतं. कर्जत स्टेशनाबाहेर एका टपरीवाल्याला त्यांनी पहिल्याच घासाला विचारलं, "बायको म्हायेरी गेली काय रं?" त्यानं मान डोलावली. त्या दिवशी तो मीठ घालायला विसरला होता. खालापूरच्या एका वड्याला त्यांनी 'कोर्टातून आलेला' असं नाव दिलं होतं, कारण तो वरून करपलेला आणि आत कच्चा असायचा. पण नावं ठेवली तरी ते तो संपवत. कंपनीचा वडा मोडून तसाच टाकत. "चारी ठिकानी येकच. मग तो कुनी केला? कुनीच नाय."

शेत त्यांनी वाट्यानं कसायला देऊन टाकलं होतं. आळीतले म्हातारे चिडवायचे, गोम्याची जीभ सरकारात जमा करा म्हणून. काका त्यांनाही हसून सांगत, जमा केली असती, पण ऑफिसातल्या चहाला हात नाय.

मी एकदा आईजवळ हसत हसत हे सांगायला लागलो. ती हसली नाही. भाकरी थापता थापता तिनं मला सगळं सांगितलं.

काकांच्या बायकोची रस्त्यावर वड्यांची टपरी होती. वडा वळून झाला की ती त्याच्या पोटावर अंगठ्यानं एक दाब द्यायची. काकी गेली आणि मुलानं, लहूनं, टपरी धरली. तोही तसाच अंगठा दाबायचा. एक दिवस चार गिऱ्हाइकांच्या देखत काकांनी त्याचा वडा उष्टावून रस्त्यावर फेकला. "तुज्या आयशीला हात व्हता," ते म्हणाले. "तुला हात नाय." लहू पिठाच्या हातानंच उठला आणि थांबलेल्या एका ट्रकमध्ये चढला. पुढं कुणीतरी त्याला कंपनीच्या हॉटेलातली टोपी घातलेला पाहिला. कुठल्या गावी, ते सांगता येईना. सगळी हॉटेलं सारखीच दिसतात.

काकांनी चारी ठिकाणी विचारलं होतं. लहू नावाचं कुणी नाही, असंच उत्तर मिळालं. मॅनेजर खोटं बोलतात, असं त्यांनी धरलं. म्हणून ते वड्याच्या पोटावर अंगठा शोधत हिंडत होते.

त्यानंतर मी त्यांच्यासोबत गेलो की चटणीत बघत नसे. मीही आधी वड्याचं पोट बघत असे.

गेल्या थंडीत सकाळी एक टेंपो आमच्या आळीसमोर बंद पडला. ड्रायव्हर पाणी मागायला आला. मागं पत्र्याचे ट्रे रचलेले, त्यांत वळून ठेवलेले कच्चे गोळे. कंपनीचे वडे. पनवेलच्या एका मोठ्या भटारखान्यात ते वळले जात आणि हॉटेलांत नुसते पिठात बुडवून तळले जात. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तळणाचा वास यायचा, त्यामुळे सगळं तिथंच होतं असं वाटायचं.

काकांनी सवयीनं एक गोळा उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

ड्रायव्हर हसला. "काय काका, अंगठा बघताय? आमचा लहू द्यायचा तसा दाब. नवा होता तवा. सायबांनी बंद करायला लावलं. सगळे सारखे दिसायला पायजेत ना."

काकांनी विचारलं, लहू कुठं हाय.

ड्रायव्हरनं हातातला तांब्या खाली ठेवला. लहूला कावीळ झाली होती, दिवाळीच्या आधी गेला. घरचं कुणी नाही असं त्यानं सांगून ठेवलेलं, म्हणून भटारखान्यातल्या पोरांनीच त्याला खांदा दिला.

"वडे कोन वळायचा?" काकांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"तोच की. चारी हाटेलांचे. दुसऱ्या कुनाचा हात इतका चालायचाच नाय."

काकांनी तो गोळा ट्रेमध्ये त्याच्या जागी ठेवला. जरा वाकडा बसला, तो सरळ केला.

"तुमच्या वळखीचा व्हता काय, काका?"



"इतकी वर्सं खाल्ला," काका म्हणाले. "पन वळखला नाय रं मी."