सासूबाईंची किटली तळाशी

सासूबाई आज दुपारीच येणार, हे पाणबुडे सरांना फोनवर कळलं तेव्हा सासूबाईंची तांब्याची किटली पोहण्याच्या तलावाच्या तळाशी, वाळूत अर्धी पुरलेली होती.

"ऐकताय ना?" बायको म्हणाली. "आईची गाडी लवकर पोचतेय. माळ्यावरची किटली कुठे दिसत नाही. तुम्ही हलवलीत का?"

"हलवली म्हणजे... आहे. सुरक्षित आहे."

"मग आणा घरी. आल्या आल्या ती आधी किटलीकडे बघते आणि मग माझ्याकडे. ठाऊक आहे ना?"

सरांना ठाऊक होतं. लग्नात लेकीला सासूबाईंनी स्वतःची किटली दिली होती आणि तेव्हापासून दर भेटीत किटलीची तब्येत विचारली होती. आता ती तळाशी कशी पोचली, याला कारण सरांचा पेशा. पाण्यात बुडालेली जहाजं, जुने धक्के कसे जपायचे हे ते तरुण मुलामुलींना शिकवत. खऱ्या समुद्रात नेण्याआधी सरावासाठी त्यांनी बंद पडलेल्या तलावात वाळू टाकून खोटं जहाज बुडवलं होतं. मोडक्या होडीच्या फळ्या होत्या, कौलांचे तुकडे होते, बाटल्या होत्या. धातूची भांडी तेवढी नव्हती. ती मागवली होती, पण आलेल्या पेटीतून शोभेची प्लॅस्टिकची फळं निघाली. बुडालेल्या जहाजात प्लॅस्टिकचं सीताफळ कसं ठेवणार? सरांची नजर घरच्या माळ्यावर गेली. बायकोला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून त्यांनी विचारलंच नाही.

फोन ठेवून सर तलावावर आले. जेवणाची सुट्टी होती. पटकन बुडी मारायची, किटली पिशवीत घालायची आणि घर गाठायचं, असा साधा बेत होता. पण काठावर हवालदार बसली होती.

हवालदार हे त्या मुलीचं नाव नव्हतं. नियमाच्या बाबतीत ती कुणालाच सोडत नसे, म्हणून बाकीच्यांनी दिलेली ती पदवी होती.

"सर, कुठे?" तिने विचारलं.

"जरा खाली जाऊन येतो. किटली काढायची आहे."

"तिचं चित्र अजून पुरं नाही झालं. आत्ता नाही काढता येणार."

"अगं, ती माझी आहे!"

हवालदार गालात हसली. "सर, लुटारूचं पहिलं वाक्य हेच असतं. तुम्हीच सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक बुडालेलं जहाज सापडलं होतं. सर तिथे पोचेपर्यंत हौशी मंडळींनी ते धुऊन नेलं होतं. घंटा कुणाच्या फाटकावर गेली, ताटल्या कुणाच्या दिवाणखान्यात. जहाज कुठलं, कुठे निघालं होतं, त्यावर कोण माणसं होती, हे कळायची वाटच बुजली. तो सल सरांच्या मनातून गेला नव्हता. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना बजावलं होतं, "वस्तू जिथे पडलीय तिथेच तिची गोष्ट असते. नोंद झाल्याशिवाय बोट लावायचं नाही. आणि सावध राहा, मी मध्येच कधीतरी तुमची परीक्षा घेणार. कुणीतरी येईल, अधिकार सांगेल, गयावया करेल. बधायचं नाही!"

ती परीक्षा घ्यायची सर साफ विसरले होते. मुलं विसरली नव्हती.

"हे बघ," सर काकुळतीला आले, "ही परीक्षा नाही. माझी सासू येतेय."

"सासू!" हवालदार खूश झाली. तिने जेवत बसलेल्या बाकीच्यांना हाक मारली. "अरे या लवकर, सरांनी परीक्षा सुरू केलीय!"

सगळे डबे टाकून धावत आले. सरांनी शपथ घेतली, तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. ते चिडले, तेव्हा एक जण म्हणाला, "चिडणं जरा जास्त झालं सर, पण गयावया फर्स्ट क्लास!" सरांना एकाच वेळी त्यांचे कान उपटावेसे आणि पाठ थोपटावीशी वाटली. इतकं नेमकं आजवर कुठली तुकडी शिकली नव्हती.

शेवटी त्यांनी हवेचं नळकांडं पाठीला लावलं आणि सरळ उडी मारली.

तळाशी वाळूवर दोऱ्यांचे चौकोन आखलेले होते. सर किटलीपर्यंत पोचतात तोच हवालदार आणि आणखी एक जण खाली येऊन समोर उभे राहिले आणि दोघांनी अदबीने हात हलवून 'नाही' अशी खूण केली. सरांनी बाजूने हात घातला. गडबडीत पायाचं रबरी वल्हं वाळूत फिरलं, गाळ उसळला, काही दिसेना. किटलीची मूठ हाताला लागली. सरांनी ओढली. किटली वाळूत घट्ट रुतलेली होती. त्यांनी जोर लावला.

वर आले तेव्हा त्यांच्या हातात नुसती मूठ होती.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर काठावर बसले आणि मुठीकडे बघत राहिले. फाटकावरची ती घंटा त्यांना आठवली. ती नेणाऱ्याला आपण काय काय बोललो होतो! त्यालाही घाईच असेल. त्यालाही वाटलं असेल, एवढ्याने काय होतंय.

"सर," हवालदार हळूच म्हणाली, "ही खरंच परीक्षा नव्हती?"

सर उत्तर देणार एवढ्यात फाटक वाजलं. बायको पुढे आणि मागे काठी टेकत सासूबाई.

"आईला तुमचं काम बघायचं होतं," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत 'किटली कुठाय?' हा प्रश्न ठळक दिसत होता.

सरांनी मूठ पाठीमागे नेली.

"जावईबापू, हातात काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

सरांनी मूठ पुढे केली. सासूबाईंनी ती घेतली, डोळ्यांजवळ नेली. बायकोने कपाळाला हात लावला. आणि सासूबाई एकदम मोठ्याने हसल्या.

"निसटली ना? निसटली ना शेवटी! अगं, ही मूठ ह्यांनी, तुझ्या वडिलांनी जोडली होती, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. मी म्हटलं, कारागिराकडे द्या. तर म्हणे, 'मी जोडतो, जन्मभर हलायची नाही.' मी म्हटलं, एक दिवस निसटणार आणि सगळा चहा अंगावर सांडणार. इतकी वर्षं दर चहाला आमचं हेच भांडण. हे गेले, पण भांडण काही मिटलं नव्हतं. आज मिटलं. मी जिंकले!"

सरांच्या जिवात जीव आला. सगळं इथेच गोडीत संपलं असतं, पण हवालदार पुढे झाली. "आजी, जरा बघू?"

तिने मूठ उन्हात धरली, खिशातून भिंग काढलं. सर डोळ्यांनी तिला 'नको' म्हणत होते. पण ती आज सरांच्या खुणा मानायला तयार नव्हती.

"आजी, मूठ जोडातून नाही निसटली. जोड अजून जसाच्या तसा आहे, हा बघा. त्याच्या शेजारचा किटलीचा पत्रा फाटून मुठीबरोबर आलाय. सरांनी ओढली तरी जोड हलला नाही."

सासूबाईंनी जोडावरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला.

"म्हणजे ह्यांचंच खरं होतं?"

"हो."

सर चरफडले. खोटं बोललं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? सासूबाई काठावरच्या बाकावर बसल्या. पाण्याकडे बघू लागल्या. तळाशी गाळ बसत चालला होता आणि किटलीच्या पोटाचा भाग अंधुक दिसू लागला होता.

"इतकी वर्षं मी त्यांना कच्चं काम म्हणून हिणवलं," त्या म्हणाल्या. "आता हे सांगू कुणाला?"

बायकोने आईच्या खांद्यावर हात ठेवला. हवालदारने पाण्याखाली नोंदी लिहायची आपली पाटी पुसली आणि ती बाकाशेजारी जमिनीवर बसली.

"मला सांगा, आजी. मी लिहून घेते."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. पदराने डोळे टिपले आणि पाठ ताठ केली.

"लिही. मूठ त्यांनी पक्की जोडली होती." तिचं लिहून होताच त्या म्हणाल्या, "पण त्याखाली हेही लिही, की चहा त्यांना शेवटपर्यंत जमला नाही."